एकाच साध्या सुरातून शिंग, पेटी आणि ताशा: एफएम सिंथेसायझरमधला ‘फीडबॅक’ नेमकं काय करतो?

रत्नागिरीत काय किंवा मुंबईत काय, ‘एफएम’ म्हटलं की डोक्यात रेडिओच येतो. पण ही दोन अक्षरं कीबोर्ड वाजवणाऱ्यांच्या जगातही आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ वेगळा नाही. तत्त्व तेच, फक्त काम निराळं. १९८० च्या दशकातल्या गाण्यांमधला तो काचेसारखा खणखणीत इलेक्ट्रिक पियानो, जुन्या कॉम्प्युटर गेममधलं संगीत, पहिल्या पॉलिफोनिक मोबाइलची रिंगटोन, या सगळ्यांच्या मागे एफएम पद्धतीने घडवलेला आवाज होता.

आपल्याकडे कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याला ‘कॅसिओ’ म्हणायची पद्धत आहे. शक्ती-तुऱ्याचा सामना असो, नमन असो किंवा गणपतीतला ऑर्केस्ट्रा, कॅसिओवाला एक नंबर दाबतो आणि तयार आवाज वाजू लागतो. काम भागतं. पण तो आवाज दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी देशात बसून ठरवलेला असतो. आपल्या शिमग्यातल्या ताशाची कडकड, पालखीपुढच्या शिंगाची फुंक किंवा भजनातल्या पेटीचा जाड सूर जसाच्या तसा हवा असेल, तर तो स्वतः घडवावा लागतो. एफएम सिंथेसायझरमध्ये तो घडवताना सर्वात उपयोगी पडणारी आणि सर्वात कमी समजून घेतलेली गोष्ट म्हणजे ‘फीडबॅक’.

हा फीडबॅक काय आहे, तो कुठून कुठे जोडला की काय होतं आणि प्रमाण वाढलं की सुराचा गोंगाट का होतो, हे आज समजून घेऊ.

आधी एफएम म्हणजे काय?

एफएम म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन. रेडिओमध्ये सेकंदाला साधारण १० कोटी वेळा कंप पावणारी एक लहर असते. निवेदकाच्या आवाजाप्रमाणे त्या लहरीची फ्रिक्वेन्सी किंचित वर-खाली केली जाते. रेडिओसंच तो फरक ओळखून त्यातून आवाज परत वेगळा काढतो.

आता कल्पना करा, ती मूळ लहर १० कोटींची नसून २०० कंपनांची आहे, म्हणजे कानाला ऐकू येणारी. तिला तुम्ही सेकंदाला ५-६ वेळा वर-खाली हलवलंत, तर गायकाच्या गळ्यातल्या कंपासारखा सूर ऐकू येतो. पण हलवण्याचा वेग वाढवत सेकंदाला २८० वेळा केला तर? कान आता ती हालचाल वेगळी मोजू शकत नाही. सूर हलतोय असं न वाटता आवाजाची जातच बदलली असं वाटतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली कंपाशी खेळता खेळता हेच सापडलं. त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये आला. अमेरिकी ऑर्गन कंपन्यांना त्यात रस वाटला नाही. जपानच्या यामाहाने मात्र परवाना घेतला आणि १९८३ मध्ये ‘डीएक्स-७’ हा कीबोर्ड बाजारात आणला. त्यानंतर एफएमचा आवाज जगभर पोचला.

ऑपरेटर, कॅरिअर, मॉड्युलेटर

एफएम सिंथेसायझरमधला मूळ घटक म्हणजे ‘ऑपरेटर’. एक ऑपरेटर फक्त एक साइन लहर काढतो. साइन लहर म्हणजे सर्वात साधा सूर. त्यात एकच फ्रिक्वेन्सी असते. कानाला ती हलक्या फुंकेच्या बासरीसारखी, पण त्याहूनही कोरी लागते. प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचा ‘एन्व्हलप’ असतो. सूर किती लवकर चढायचा, किती वेळ टिकायचा आणि कसा विरायचा, हे एन्व्हलप ठरवतो.

दोन ऑपरेटर घ्या. ज्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो कॅरिअर. जो त्याला हलवतो, पण स्वतः ऐकू येत नाही, तो मॉड्युलेटर.

चाउनिंग यांच्या निबंधात घंटेचं उदाहरण आहे. कॅरिअर २०० चा, मॉड्युलेटर २८० चा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना २८०-२८० च्या अंतरावर नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात: वर ४८०, ७६०, १०४०, खाली उणे ८०, उणे ३६०, उणे ६४०. उण्या फ्रिक्वेन्सी उलट्या होऊन ८०, ३६० आणि ६४० म्हणून ऐकू येतात. यातली एकही संख्या २०० च्या पटीत नाही. सुरेल वाद्यांत वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे असतात; त्यांना हार्मोनिक म्हणतात. घंटेत तसं नसतं. म्हणूनच देवळातली घंटा वाजली की नाद खूप येतो, पण तिचा ‘सा’ नेमका कोणता हे सांगणं अवघड जातं. दोन साध्या लहरींतून तो धातूचा नाद तयार होतो, ही एफएमची करामत.

मग फीडबॅकची गरज का पडली?

घंटा, पियानो, मरिंबा यांच्यासाठी साधं एफएम उत्तम. पण पेटी, सनई, शिंग, व्हायोलिन यांचं काय? या वाद्यांत हार्मोनिकांची एक शिस्त असते. पहिला जोरात, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी, अशी ती उतरती रांग असते. सुराचा जोर वाढला की वरचे हार्मोनिकही सावकाश वाढतात.

साध्या एफएममध्ये ही शिस्त राहत नाही. मॉड्युलेटरचा जोर वाढवत नेला की एक हार्मोनिक वाढतो, मग कमी होतो, शून्यावर जातो आणि पुन्हा वर येतो. दुसऱ्याचं वेळापत्रक वेगळंच असतं. घंटेच्या उदाहरणात मॉड्युलेशनचं प्रमाण २.४ च्या आसपास पोचलं की खुद्द २०० चा मूळ सूरच गायब होतो. घंटेला हे हेलकावे शोभतात. पेटीला शोभत नाहीत. तिथे ते ‘कॉम्प्युटरचा आवाज’ म्हणून लगेच ओळखू येतात.

या अडचणीवर यामाहाचे अभियंते नोरिओ टोमिसावा यांनी तोडगा काढला. त्यांच्या पद्धतीला १९८१ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. तोडगा एका वाक्यात सांगता येतो: ऑपरेटरला हलवायला दुसरा ऑपरेटर आणू नका, त्याचाच आवाज त्याला परत द्या.

माइकची शिट्टी आणि हा फीडबॅक

फीडबॅक हा शब्द आपल्याला माइकमुळे माहीत आहे. डबलबारी रंगात आलेली असते, बुवा माइक घेऊन स्पीकरच्या तोंडासमोर येतात आणि ‘कूऽऽ’ अशी शिट्टी बसते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन परत स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. फेरा थांबतच नाही.

एफएममधला फेरा याच जातीचा आहे, पण एक महत्त्वाचा फरक आहे. माइकच्या फेऱ्यात आवाज आवाजात *मिसळतो*, म्हणून तो वाढत जातो. ऑपरेटरच्या फेऱ्यात परत आलेला आवाज मिसळत नाही, तो लहरीला *पुढे-मागे ढकलतो*. त्यामुळे आवाजाची पातळी हाताबाहेर जात नाही. लहरीची उंची आधीइतकीच राहते, बदलतो तो तिचा आकार.

कसा बदलतो ते बघू. साइन लहर डोंगरासारखी चढते आणि तशीच उतरते. दोन्ही बाजू सारख्या. आता लहर वर असताना तिला थोडं पुढे ढकललं आणि खाली असताना थोडं मागे ओढलं. परिणाम असा होतो की एक बाजू सरळसोट, कड्यासारखी होते आणि दुसरी लांब उताराची. फीडबॅक वाढवत गेलं की लहर करवतीच्या दात्यासारखी दिसू लागते. करवती लहरीत सगळे हार्मोनिक उतरत्या क्रमाने असतात, म्हणजे पेटीला आणि शिंगाला जे हवं तेच.

आकड्यांत सांगायचं तर, पहिल्या हार्मोनिकचा जोर १०० धरला तर फीडबॅकचं प्रमाण ०.५ असताना दुसरा साधारण २४ आणि तिसरा ८ इतका असतो. प्रमाण १ केलं की दुसरा ४०, तिसरा २३, चौथा १६, पाचवा १२. रांग उतरतीच राहते. कोणीही मध्येच गायब होत नाही.

इथे आणखी एक बारकावा आहे. डीएक्स-७ मध्ये प्रत्यक्षात फ्रिक्वेन्सी न हलवता लहरीची ‘फेज’, म्हणजे ती आपल्या चक्रात कुठे पोचली आहे ते स्थान हलवलं जातं. दोन निराळ्या ऑपरेटरांत या फरकाने कानाला फारसं काही जाणवत नाही. फीडबॅकमध्ये मात्र तो कळीचा ठरतो. खरोखर फ्रिक्वेन्सीच परत दिली असती, तर फीडबॅक वाढवताना सूर जागेवरून सरकला असता आणि वाद्य बेसूर झालं असतं. फेज हलवल्यामुळे आवाजाचा रंग बदलतो, पण ‘सा’ जागेवर राहतो.

ग्रहांचं गणित आवाजात कसं आलं?

गंमत म्हणजे हे समीकरण सिंथेसायझरच्या साडेतीनशे वर्षं आधीच लिहिलं गेलं होतं. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो, सूर्याजवळ असताना वेगाने आणि लांब असताना सावकाश. मग अमुक दिवशी तो नेमका कुठे असेल? हे काढण्यासाठी केप्लरने जे समीकरण मांडलं, त्यात उत्तर शोधायला आधी उत्तरच माहीत असावं लागतं. म्हणजे अज्ञात राशी स्वतःच्याच मोजणीत शिरलेली असते. फीडबॅक असलेल्या ऑपरेटरचं समीकरण गणिताने तंतोतंत हेच आहे.

केप्लरच्या समीकरणात कक्षा किती चपटी आहे हे सांगणारा एक आकडा असतो. तो ० असेल तर कक्षा गोल, आणि १ च्या जवळ गेला की खूप लांबट. ऑपरेटरमध्ये या आकड्याची जागा फीडबॅक घेतो. ० असेल तर कोरी साइन लहर, १ च्या जवळ गेला की करवत. १९व्या शतकात बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने ग्रहांच्या गणितासाठी जी फलनं अभ्यासली, त्यांनीच आज एफएम आवाजातल्या हार्मोनिकांचा जोर मोजला जातो. वर दिलेले आकडे त्यातूनच आलेले आहेत.

१ च्या पुढे गेलं की गोंगाट का होतो?

ग्रहाच्या बाबतीत हा आकडा १ च्या पुढे गेला की ती बंद कक्षाच उरत नाही. ऑपरेटरमध्ये मात्र बटण पुढे नेता येतं. मग काय होतं?

गणिताच्या दृष्टीने लहर आता स्वतःवरच दुमडते. एका क्षणाला एकाहून जास्त उत्तरं शक्य होतात. यंत्राला तर एकच उत्तर द्यायचं असतं. डीएक्स-७ सेकंदाला सुमारे ४९ हजार वेळा लहरीचा आकडा काढतो आणि प्रत्येक वेळी *मागच्या* आकड्यावरून पुढचा ठरवतो. फीडबॅक जास्त असलं की दुरुस्ती गरजेपेक्षा मोठी होते. आकडा या बाजूला फार जातो, पुढच्या खेपेला त्या बाजूला फार जातो, असा झोका सुरू होतो. खड्डा चुकवायला हँडल जास्त वळवावं, मग सावरायला उलट त्याहून जास्त वळवावं, तसं हे. कानाला ते किरकिरीसारखं लागतं.

टोमिसावा यांचा दुसरा तोडगा यासाठी होता: फक्त मागचा एक आकडा न देता मागच्या दोन आकड्यांची सरासरी परत द्या. झोका एकदा वर, एकदा खाली असाच असल्यामुळे दोघांची सरासरी काढली की तो तिथल्या तिथे विरतो. हिशोब केला तर दिसतं की सरासरी न घेता हा झोका प्रमाण १ च्या पुढे सुरू होऊ शकतो. सरासरी घेतली की ती मर्यादा २ पर्यंत जाते. एक बेरीज आणि एक भागाकार, एवढ्यावर वापरण्याजोगी जागा दुप्पट झाली.

त्याच्याही पुढे गेलं की शिस्त मोडते आणि आवाज पावसाच्या सरीसारखा नुसता ‘श्श्श’ होतो. हा दोष आहे का? पेटी करताना आहे. ताशा, झांज किंवा वारा करताना तोच गुण आहे.

० ते ७ हे आकडे सरळ चढत नाहीत

यामाहाच्या यंत्रांत फीडबॅक ० ते ७ असा दिलेला असतो. नवख्या माणसाला वाटतं, ४ म्हणजे अर्धं. तसं नाही. यामाहाच्या जुन्या साउंड कार्डांवरच्या चिपांमध्ये १ पासून पुढे प्रत्येक पायरीला फीडबॅक *दुप्पट* होतो. ६ वरून ७ वर जाणं म्हणजे एका पायरीत निम्मा प्रवास. म्हणून १ ते ३ मध्ये फरक जेमतेम कळतो आणि शेवटच्या दोन पायऱ्यांत आवाज एकदम पेटतो. एकाच आकड्याचा परिणाम यंत्रागणिक वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा. एका यंत्रावर ७ म्हणजे करवत, तर दुसऱ्यावर थेट गोंगाट.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. परत जाणारा आवाज ऑपरेटरच्या पातळीने आणि एन्व्हलपने गुणलेला असतो. ऑपरेटर हळू वाजत असेल तर फीडबॅकही कमी, जोरात वाजत असेल तर जास्त. बटण ७ वरच असलं तरी सूर विरताना लहर आपोआप करवतीकडून साइनकडे, म्हणजे कर्कशाकडून मऊपणाकडे येते. खऱ्या वाद्यांतही बहुतेक वेळा असंच घडतं. म्हणून फीडबॅकचं बटण एकदा ठरवायचं आणि पुढचा खेळ ऑपरेटरच्या पातळीने करायचा, ही या कामाची किल्ली आहे.

फेरा कुठे जोडायचा? ३२ मांडण्यांचं रहस्य

डीएक्स-७ मध्ये सहा ऑपरेटर आहेत. कोण कोणाला हलवणार याच्या ३२ ठरलेल्या मांडण्या आहेत. त्यांना ‘अल्गोरिदम’ म्हणतात. कीबोर्डवरच त्यांचे आराखडे छापलेले असतात आणि ते बघून भले भले गांगरतात. पण नीट पाहिलं तर त्यात भावंडं सापडतात.

अल्गोरिदम १ आणि २ घ्या. दोन्हींत ऑपरेटर २ हा १ ला हलवतो. दुसऱ्या बाजूला ६ हा ५ ला, ५ हा ४ ला आणि ४ हा ३ ला हलवतो. मांडणी अगदी सारखी. फरक एवढाच की १ मध्ये फीडबॅक ऑपरेटर ६ वर आहे आणि २ मध्ये ऑपरेटर २ वर.

एवढ्याने काय फरक पडतो? ६ हा लांब साखळीच्या टोकाला आहे. त्याचा बदललेला आकार ५ मधून, मग ४ मधून, मग ३ मधून जातो आणि प्रत्येक पायरीला गुंतागुंत वाढते. तिथे थोडंसं फीडबॅकही आवाज खरबरीत करतं. २ मात्र १ च्या थेट मागे आहे. तिथला फीडबॅक स्वच्छ, आटोपशीर उजळपणा देतो. म्हणजे जितका फेरा कॅरिअरपासून लांब, तितका त्याचा परिणाम मोठा आणि अनिश्चित.

अल्गोरिदम ७, ८ आणि ९ ही अशीच तीन भावंडं. मांडणी एकच, फीडबॅक अनुक्रमे ६, ४ आणि २ वर.

आता दुसऱ्या प्रकारची भावंडं. अल्गोरिदम ५ मध्ये दोन-दोन ऑपरेटरांच्या तीन जोड्या आहेत आणि फीडबॅक ६ चा ६ लाच. अल्गोरिदम ६ मध्ये त्याच जोड्या, पण ५ चा आवाज परत ६ ला जातो. म्हणजे ६ हा ५ ला हलवतो आणि ५ हा ६ ला. दोघं एकमेकांना ढकलतात. अल्गोरिदम ३ आणि ४ मध्येही हेच नातं आहे. ४ मध्ये तर ६, ५ आणि ४ अशा तिघांचा फेरा आहे.

मोठ्या फेऱ्याचे दोन परिणाम होतात. एक, फेऱ्यातल्या *प्रत्येक* ऑपरेटरची पातळी फीडबॅकवर परिणाम करते. एकाला हळू केलं तरी सगळा फेरा शांत होतो. दोन, ऑपरेटरांच्या फ्रिक्वेन्सी साध्या पटीत नसल्या तर आवाज फार लवकर गोंगाटाकडे झुकतो. ३२ पैकी फक्त या दोन मांडण्यांत फेरा एकाहून जास्त ऑपरेटरांतून जातो. बाकी तीसमध्ये एकच ऑपरेटर स्वतःला हलवतो.

करून बघायचं असेल तर

यासाठी जुना डीएक्स-७ शोधायची गरज नाही. ‘डेक्स्ड’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं आणि त्याची रचना डीएक्स-७ सारखीच आहे. त्यात ‘मार्क १’ हे इंजिन निवडा. दोन-तीन ऑपरेटरांचे फेरे त्यात वेगळे मोजलेले आहेत.

*पहिली ओळख.* अल्गोरिदम ३२ निवडा. यात सहाही ऑपरेटर कॅरिअर आहेत आणि फीडबॅक ६ वर आहे. ६ ची पातळी ९९ करा, बाकी सगळ्यांची ०. फीडबॅक ० ठेवून एक सूर दाबा, मग एकेक पायरी वर जा. साइनपासून करवतीपर्यंतचा सगळा प्रवास एका सुरात ऐकू येईल. पुढचं काहीही करण्याआधी हे दहा मिनिटं ऐका.

*शिंग.* तीच मांडणी, फीडबॅक ७. आता ६ च्या एन्व्हलपचा चढ थोडा सावकाश करा. फुंक वाढते तसा सूर नुसता मोठा होत नाही, उजळही होतो. पितळी वाद्यांची ओळख नेमकी यातच असते, आणि इथे ती एकाच ऑपरेटरमधून मिळते, कारण पातळी आणि फीडबॅक एकत्र चढतात. सुरुवातीला सूर किंचित खालून वर आला तर फुंक आणखी खरी वाटते; त्यासाठी पिच एन्व्हलप वापरा.

*पेटी.* अल्गोरिदम २२ निवडा. यात फीडबॅक असलेला ६ हा एकटाच ३, ४ आणि ५ या तीन कॅरिअरना हलवतो. पेटीत एका पट्टीखाली दोन-तीन सूरपट्ट्या असतात, एखादी खालच्या सप्तकातली. तसंच करा: दोन कॅरिअर मूळ सुरावर ठेवून एकमेकांपासून किंचित बेसूर करा, तिसऱ्याची फ्रिक्वेन्सी निम्मी करा. ६ ची पातळी मध्यम ठेवा. एन्व्हलप सपाट; दाबलं की लगेच सुरू, सोडलं की लगेच बंद. सूर एकमेकांवर घासले की भात्याचा जाडपणा येतो.

*ताशा.* अल्गोरिदम ६, फीडबॅक ७. फक्त ५ आणि ६ वापरा. ५ मध्यम उंचीवर, ६ त्याच्या अशा पटीत की भागाकार सरळ येऊ नये. दोघांच्या पातळ्या पूर्ण, चढ तात्काळ, उतार वेगवान. आता काय होतं ऐका. टिपरी पडते त्या क्षणी दोन्ही पातळ्या पूर्ण असतात, फेरा बेफाम असतो आणि कडकडाट निघतो. क्षणात पातळ्या उतरतात, फेरा शांत होतो आणि शेपटीला कातड्याचा छोटा सूर उरतो. गोंगाट आणि सूर वेगवेगळे भरावे लागत नाहीत. एकच फेरा दोन्ही देतो.

कुठे फसायला होतं?

उंच सुरांवर जास्त फीडबॅक ठेवलं की सुराशी संबंध नसलेली किरकिर येते. हार्मोनिक इतके वर जातात की यंत्राच्या मोजणीत मावत नाहीत आणि चुकीच्या जागी खाली परततात. उपाय: ‘कीबोर्ड लेव्हल स्केलिंग’ वापरून वरच्या सप्तकात त्या ऑपरेटरची पातळी उतरवा. फीडबॅकचं बटण सगळ्या पट्ट्यांसाठी एकच असतं, पातळी मात्र पट्टीगणिक बदलता येते.

दुसरी चूक म्हणजे आवाज बुळा वाटला की आधी फीडबॅक वाढवायचा. आधी मॉड्युलेटरची पातळी बघा, मग फ्रिक्वेन्सीचं प्रमाण बघा. फीडबॅक हे तिखट आहे. भाजी शिजलेली नसताना ते वाढवून उपयोग नाही.

डीएक्स-७ नंतर

१९८७ च्या अ‍ॅडलिब आणि १९८९ च्या साउंड ब्लास्टर या साउंड कार्डांवर यामाहाची छोटी एफएम चिप होती. एका आवाजाला फक्त दोन ऑपरेटर आणि फीडबॅक पहिल्यावर. इतक्या तुटपुंज्या साधनांत ‘डूम’सारख्या गेममध्ये इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम वाजत होते, त्याला मोठा आधार फीडबॅकचा होता. १९८९ च्या यामाहा एसवाय-७७ मध्ये एका आवाजात तीन फेरे जोडता येऊ लागले. पुढे एफएम-८ सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेल्या मांडण्याच गेल्या. एक तक्ता आला, ज्यात कुठलाही ऑपरेटर कुणालाही, स्वतःलाही, हव्या त्या प्रमाणात जोडता येतो.

स्वातंत्र्य वाढलं की गोंधळही वाढतो. सहा ऑपरेटरांचा तक्ता म्हणजे ३६ चौकोन. तो भरायला बसण्याआधी वरच्या भावंडांच्या जोड्या कानाने ओळखता आल्या, तर प्रत्येक चौकोनाचा अर्थ कळतो: फेरा कॅरिअरजवळ आहे की लांब, एकट्याचा आहे की दोघा-तिघांचा, आणि त्यातला कोण आधी शांत होतो.

आणि हे सगळं किती जागेत मावतं? डीएक्स-७ च्या पद्धतीने साठवला तर एक आवाज १२८ बाइटचा असतो. ३२ आवाजांची अख्खी फाइल ४,१०४ बाइटची, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका सुप्रभात चित्रापेक्षाही कितीतरी लहान. एखाद्या वाडीच्या पोरांनी आपला ताशा, आपलं शिंग आणि आपली पेटी अशी घडवून ठेवली, तर पुढच्या शिमग्यात शेजारच्या गावाच्या कॅसिओवाल्याला ती पाठवायला एक क्षण पुरेल.